विश्लेषण : फिरायला जाताना साखळी हॉटेल की गावातले घर?

सुट्टीचा बेत ठरला की मोबाइलवर पहिली शोधाशोध राहण्याच्या जागेची. दर, फोटो आणि किती तारे एवढे पाहून आपण खोली घेतो. पण त्या खोलीचे पैसे कोणाच्या हातात पडतात, हेही पाहायला हवे. गावात राहणाऱ्या कुटुंबाच्या घरी उतरणे, म्हणजेच ‘निवास व न्याहारी’ किंवा होमस्टे, हा पर्याय साखळी हॉटेलच्या आधी का तपासावा, याचे चांगले उत्तर कोकणातील वेळासमध्ये मिळते.

वेळासमध्ये काय घडले?

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. येथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालतात. पूर्वी ही अंडी उकरून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला शहरांतून लोक येऊ लागले. ते उतरले गावकऱ्यांच्याच घरी.

पिल्ले नेमकी कधी बाहेर येतील, हे कोणी सांगू शकत नाही. सकाळी आली नाहीत तर संध्याकाळपर्यंत थांबायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा किनाऱ्यावर जायचे. त्यामुळे पाहुण्याला मुक्काम करावाच लागतो. मुक्काम म्हणजे दोन वेळचे जेवण, चहा-नाश्ता आणि घरच्या कोकम-आमसुलांची विक्री. अंडी विकली तर पैसे एकदाच मिळतात, घरटे राखले तर पाहुणा पुढच्या वर्षीही येतो. हे गणित घरोघरी पोहोचले, म्हणून कासवांना राखणदार मिळाले.

लडाखमध्येही असेच घडले. हेमिस राष्ट्रीय उद्यानातील गावांत हिमबिबट्या मेंढ्या मारत असल्याने गावकरी त्याला शत्रू मानत. त्याच गावांतील घरांत पर्यटक राहू लागले, तेव्हा हिमबिबट्या जिवंत असण्यात गावाचाही फायदा दिसू लागला.

खोलीचे पैसे कुठे जातात?

साखळी हॉटेल स्थानिकांना नोकऱ्या देते, हे खरे. पण अनेक ठिकाणी इमारत एकाची, नाव दुसऱ्याचे असते आणि उत्पन्नातील ठरावीक वाटा त्या नावाच्या कंपनीला जातो. किराणा, चादरी, साबण बऱ्याचदा शहरातील ठरलेल्या पुरवठादारांकडून येतात. घरगुती मुक्कामात मासळी गावच्या बाजारातून, भाजी शेजारच्या परड्यातून आणि दूध वाडीतल्या गोठ्यातून येते. शिवाय स्वयंपाक आणि खोल्यांची व्यवस्था बहुतेक घरांत बायकाच पाहतात. कमाईसाठी घरातील प्रत्येकाने मुंबई गाठायची, हा कोकणचा जुना शिरस्ता मोडण्याची थोडी तरी ताकद या कामात आहे.

थेट नोंदणीने काय फरक पडतो?

ॲपवरून खोली घेतली की त्याचे कमिशन घरमालकाच्या वाट्यातून कापले जाते. कराचाही मुद्दा आहे. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, तर त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. महाराष्ट्रात केवळ सेवा देणाऱ्या, वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान व्यावसायिकाला जीएसटी नोंदणीची साधारणपणे सक्ती नसते. मात्र त्याची खोली ॲपवरून विकली गेली, तर कर भरण्याची जबाबदारी ॲपवर येते आणि तो बिलात दिसतो. म्हणून ॲपवर घर शोधले तरी शक्य असेल तेव्हा घरी थेट फोन करावा.

प्रत्येक ‘होमस्टे’ खरा असतो का?

नाही. खरी मेख इथेच आहे. केंद्र सरकारच्या ‘अतुल्य भारत’ निवास व न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त १२ खाटा आणि मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असणे, या अटी आहेत. एअरबीएनबीच्या नावातील ‘बीएनबी’ म्हणजेही बेड अँड ब्रेकफास्टच. तरीही अशा संकेतस्थळांवर मालक फिरकतही नाही असे अख्खे फ्लॅट आणि बंगले सर्रास दिसतात. शहरातील गुंतवणूकदाराने बंगला घ्यायचा, गावातला एक रखवालदार ठेवायचा आणि पाटीवर ‘होमस्टे’ लिहायचे, याला गावात राहणे म्हणता येणार नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली. ते कर्ज गावात राहणाऱ्या कुटुंबांपर्यंत पोहोचले, तरच तिला अर्थ आहे.

हॉटेल केव्हा बरे?

मध्यरात्री पोहोचायचे असेल, जिना चढू न शकणारे ज्येष्ठ बरोबर असतील, कार्यालयीन कामासाठी अखंड इंटरनेट हवे असेल किंवा बेत ऐनवेळी रद्द होण्याची शक्यता असेल, तर हॉटेल घ्यावे. त्यात गैर काही नाही. काहींना घरमालकांच्या चौकशाही नकोशा वाटतात.

पाहुण्याने काय पाळावे?

पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा : तुम्ही स्वतः तिथे राहता का? स्वयंपाक कोण करते? स्वच्छतागृह खोलीला जोडून आहे का? पहिल्या दोन प्रश्नांवर उत्तर अडखळले, तर तो बंगला समजा. किती माणसे जेवणार आणि शाकाहारी किती, हे आदल्या दिवशीच कळवा. घरात हॉटेलसारखा साठा नसतो. रात्री स्पीकर लावू नका. प्लास्टिकचा कचरा परत घेऊन जा, कारण अनेक गावांत तो उचलणारी यंत्रणाच नसते.

आणि दरात घासाघीस करू नका. हॉटेलच्या स्वागतकक्षात आपण छापील दर मुकाट्याने देतो. मग आपल्यासाठी पहाटे उठून चूल किंवा गॅस पेटवणाऱ्या घरातच दोनशे रुपये कमी करायला का सांगायचे? मालकाचे कुटुंब राहते असे स्वच्छ घर मिळत असेल, तर आधी तिथे फोन करावा आणि तिथे जमत नसेल, तर हॉटेल आहेच.