माती झटकण्यापूर्वी

नेवासे येथील उत्खननात एका लहान मुलाच्या सांगाड्याबरोबर तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. मण्यांपेक्षा मोठा शोध मण्यांच्या आत होता. कळकलेल्या तांब्याच्या हिरव्या थरात दोऱ्याचे तंतू टिकून राहिले होते आणि तपासणीत ते रेशमाचे व कापसाचे निघाले. तांब्याचे क्षार जीवाणूंना वाढू देत नाहीत, म्हणून दोरा कुजला नाही. तीच माळ कुणी हौसेने चिंच लावून चकचकीत केली असती, तर हा पुरावा पाण्याबरोबर वाहून गेला असता.

प्राचीन दफनांचा अभ्यास आता कुदळीपेक्षा प्रयोगशाळेत जास्त होतो. हातात धरता येणाऱ्या क्ष-किरण यंत्राने वस्तूला ओरखडाही न काढता धातूतील घटक कळतात. तुतनखामेनच्या ममीवरील खंजिराचे लोखंड उल्केचे आहे, हे 2016 मध्ये त्यातील निकेल व कोबाल्टच्या प्रमाणावरून असेच दाखवले गेले. मात्र हे यंत्र पृष्ठभागच पाहते. गंजलेल्या काशाच्या पृष्ठभागावर कथिल प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकते. त्यामुळे यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटला की निष्कर्ष जाहीर करण्याची घाई बरी नव्हे.

हाडे आणि दात तर आरोग्याची नोंदवहीच. इनामगावला घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन रांजणांत लहान मुले पुरलेली आढळली. दाताचे कवच बालपणी तयार होते आणि पुढे बदलत नाही. त्यामुळे उपासमार किंवा मोठे आजारपण आले, तर त्याची आडवी रेघ दातावर कायम राहते. कवचातील स्ट्रॉन्शियमवरून माणूस लहानपणी कुठल्या भूभागातले अन्नपाणी घेत होता, याचाही अंदाज बांधता येतो.

डीएनएचे काम सर्वांत अवघड. आपल्या उष्ण हवेत तो लवकर तुटतो. राखीगढीच्या 61 नमुन्यांवर प्रयत्न झाले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपयोगी पडला तो एका स्त्रीचा डीएनए. उघड्या हाताने हाड उचलले तर उचलणाऱ्याचाच डीएनए त्यात मिसळतो, ही अडचण वेगळीच.

म्हणूनच विदर्भातील शिळावर्तुळांची चिंता वाटते. जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड ही नावे अभ्यासकांना परिचित आहेत. माहुरझरीच्या दफनांत घोड्यांची हाडे आणि त्यांचा साज मिळाला, तर नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी. मुरूम काढण्यासाठी, शेत सपाट करण्यासाठी किंवा गुप्तधनाच्या आशेने असे वर्तुळ फोडले, की वस्तू एकवेळ हाती लागते, पण ती कुणाच्या शेजारी, कोणत्या थरात होती हे कायमचे जाते. मग तिच्यावर कितीही महागडी चाचणी करा, उत्तर अर्धेच मिळणार.

उत्खनन करणाऱ्यांनीही सगळे एकदम धुऊन-पुसून प्रदर्शनात मांडू नये. काही वस्तू गंजासकट, काही भांडी आतल्या मातीसकट आणि काही दात हात न लावता पुढच्या पिढीच्या उपकरणांसाठी राखून ठेवावेत. जमिनीत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची सक्ती 1878 च्या कायद्यात आहे. तो कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीच्या धनाचा विचार करतो. रांजणातली माती त्या हिशेबात बसत नाही. ती बसवणारी दुरुस्ती करायला हरकत नसावी.