मागे राहिलेली म्हैस

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचून संपवली आणि विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) पुन्हा काढली. दोन्ही कादंबऱ्या धरणग्रस्तांच्या. साहित्य अकादमी पुरस्कार दोन्हींना, अनुक्रमे २०२३ आणि १९९२चा. ‘झाडाझडती’ वाचताना संताप येतो तो व्यवस्थेचा. वाचक स्वतः निर्दोष सुटतो. ‘रिंगाण’मधला विस्थापित मागे राहिलेली म्हैस आणायला जुन्या रानात जातो, तेव्हा ती रानटी झालेली असते. जिच्यावर घर चालले तिला सोडून आलो, हा सल तिथे कोणत्याही मोबदल्याने भागत नाही. म्हणूनच मला ‘रिंगाण’ अधिक खोल वाटते. कोयनेच्या या जिल्ह्यात, रहिमतपुरात, ‘धरणग्रस्तांच्या समस्या’ एवढेच मुद्दे विद्यार्थ्यांना उतरवून देणे यापुढे मला जमणार नाही.