पाटी पाहू नका, अंगण पाहा



शाळाप्रवेशाचे दिवस आले की डब्ल्यूआरएस कॉलनीपासून तात्यापाऱ्यापर्यंत एकच धावपळ सुरू होते. तीन वर्षांच्या पोराला इंग्रजी नर्सरीत घालायचे! रात्रपाळी करून आलेला बाप झोप सोडून मुलाखतीच्या रांगेत उभा राहतो. हा प्रकार आम्हाला मान्य नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशाच्या वेळी मुलाची वा पालकांची चाचपणी करण्यास मनाई केली. पण त्या कायद्यातले बालक 6 ते 14 वर्षांचे. तीन वर्षांचे पोर मोकळेच राहिले आणि दुकानदारांनी नेमके तेच हेरले. मुलांचा शिक्षण भत्ता 2017 मध्ये दरमहा 2,250 रुपये झाला, जानेवारी 2024 पासून 2,812 रुपये 50 पैसे. नर्सरीलाही तो मिळतो, हे या मंडळींना आपल्याआधी पाठ असते.

आणि पैसे मोजून मिळते काय? घरी मराठी, गल्लीत छत्तीसगढी, बाजारात हिंदी अशा तीन भाषा सहज उचलणारे पोर वर्गात चौथ्या भाषेपुढे मुके होते. बोटांचे स्नायू अजून कोवळे. त्यांना माती, वाळू, पीठ हवे, तर हाती देतात पेन्सिल आणि वर गृहपाठ.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, ते पुढे कोसबाडला नेले. मुले येत नाहीत म्हणून त्या आदिवासींच्या अंगणात गेल्या. शंख, खडे, पाने हीच साधने. आपल्या बिलासपूरकडे गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग संस्थेने जंगलातल्या गावांत तान्ह्यांसाठी फुलवाऱ्या चालवल्या, त्याही गावातल्याच बायांच्या भरवशावर. यांपैकी कोणी पालकांची मुलाखत घेतली नाही.

तेव्हा फलक वाचून परत येऊ नका. सकाळी अकराला जा, अर्धा तास आत बसा. बसू देत नसतील तर तिथूनच माघारी फिरा. मुले आपसांत बोलतात का, नळ त्यांच्या हाताला येतो का, रडणाऱ्याला कोणी जवळ घेते का, ते पाहा. 2013 च्या राष्ट्रीय धोरणाने वीस मुलांमागे एक बाई सांगितली आहे, मोजा. बाईला पगार किती, तेही विचारा. (आपण नाही विचारणार तर कोण?) अर्धपोटी बाई वर्षात तीनदा बदलते आणि लळा लागलेले पोर तीनदा पोरके होते.

आता प्रशासनाकडे वळू. 2017 साली प्रसूती लाभ कायदा दुरुस्त करून सरकारने 50 कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे केले. इतरांना हा धडा देणाऱ्या सरकारच्या रेल्वेत रुळांवर काम करणाऱ्या आपल्या भगिनी मूल शेजारणीकडे टाकून पाळीला जातात. वसाहतीतले एक रिकामे क्वार्टर, दोन प्रशिक्षित बाया, पाळीच्या वेळेशी जुळणारे तास, एवढीच मागणी आहे. निवेदन शाखा कार्यालयात ठेवले आहे. सही करायला येताना घरातल्या बाईमाणसालाही सोबत आणा.