भुईनळा आणि रहाटगाडगे

दिवाळीतला भुईनळा पेटला, की आपण त्याची फुले पाहत राहतो. पण त्या अरुंद तोंडाच्या नळ्यात कोळशाच्या पुडीला हवा कोठून मिळते, हे सहसा कोणी विचारीत नाही. ती मिळत नाहीच. शेजारचा सोरा आपल्या पदरचा प्राणवायू कोळशाला देतो. मात्र हे दान एकदाच. दिलेला प्राणवायू हवेतून पुन्हा भरून घेणारा सोरा मिळाला तर? वाचकहो, तसा पदार्थ आहे, आणि तो आपल्या जुन्या पत्र्यांवर फुकट चढतो : लोखंडाचा गंज.

ही केवळ गंमत नव्हे. आमच्या मंद्रूपच्याच तालुक्यात, फताटेवाडीला, ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. पहिला २०१७ पासून व दुसरा २०१९ पासून कोळसा जाळीत आहे. हवेत पाचांत एक भाग प्राणवायू, बाकी बहुतेक नत्रवायू. हा बिनकामाचा पाहुणा भट्टीत शिरतो, तापतो आणि धुराड्यातून निघून जातो. त्यामुळे धुरात कर्बाम्लवायू शेकडा बारा-चौदाच भरतो. तो निवडून काढायचा, तर धूर रसायनांनी धुवा, मग ती रसायने उकळा. आणि त्यापायी संचाच्या विजेचा चांगलाच लचका तुटतो.

यावर तोड अशी, की हवा इंधनाजवळ येऊच द्यायची नाही. भट्ट्या दोन. एकीत लोखंडाच्या ऑक्साइडचे दाणे हवेतून प्राणवायू भरून घेतात, दुसरीत तो इंधनाला देतात आणि रिते होऊन परततात. रहाटगाडगेच म्हणा ना! नत्रवायू पहिल्या भट्टीतूनच वाटेला लागतो. दुसरीतून निघतात वाफ आणि कर्बाम्लवायू. वाफेचे पाणी केले, की वायू वेगळा. शुद्ध कर्बाम्लवायू तयार करण्यासाठी लुइस व गिलिलँड यांनी अमेरिकेत असे पेटंट १९५४ सालीच घेतले होते.

पण गाडगी फुटकी असतील, तर रहाट काय कामाचा? सारी मेख दाण्यात आहे. ऑक्साइडची व अ‍ॅल्युमिनाची पूड पाण्यात कालवतात, तो रबडा गरम हवेत फवारतात. थेंब सुकून मिलिमीटरच्या दशांशाएवढ्या गोळ्या होतात, त्या हजार अंशांच्या वर भाजतात. अ‍ॅल्युमिना स्वतः प्राणवायू वाहत नाही. कुंभार मातीत लीद नि राख मिसळतो, तसे ते अंग धरण्यापुरते. भाजणी कमी पडली, तर दाणा फिरता फिरता भुगा होतो. जास्त झाली, तर छिद्रे बुजतात आणि प्राणवायू दाराशीच अडतो.

निकेलचे ऑक्साइड वजनाच्या शेकडा एकवीस भाग प्राणवायू देते, पण ते महाग आणि विषारी. तांब्याचे जवळजवळ तेवढाच देते, पण तांबे १०८५ अंशांना वितळते, दाणे एकमेकांना चिकटतात. लोखंड एका फेरीत जेमतेम सव्वातीन भाग सोडते. हिशेब केला, तर एक किलो कार्बन जाळायला ऐंशी किलो दाणे फिरवावे लागतात! तरी माझे मत लोखंडालाच. आपल्या कोळशात राख फार. ती काढताना थोडे दाणे तिच्याबरोबर जाणारच. सोन्याची गाडगी उकिरड्यावर कोण नेईल?

म्हणून नजर जाते ती रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूकडे. तिच्यातले इल्मेनाइट म्हणजे लोखंड व टिटॅनियम यांचे खनिज. घडवायची मेहनत जवळपास नाही. आणि गंमत म्हणजे पहिल्या काही फेऱ्यांत त्याची चपळाई वाढत जाते. पुढे लोखंड पृष्ठभागाकडे सरकते आणि दाणा ठिसूळ होऊ लागतो, हा त्याचा दोष.

जर्मनीत दार्मश्टाटला अशी १ मेगावॉटची भट्टी चालवून पाहिली आहे. ती कुठे आणि फताटेवाडीचे ६६० कुठे! शिवाय वेगळा काढलेला वायू ठेवायचा कोठे? आइसलँडमध्ये २०१२ पासून तो पाण्यात विरघळवून बसाल्ट खडकात सोडतात, तिथे त्याचा दगड होतो. मंद्रूपच्या काळ्या रानाखाली जो कातळ लागतो, तोही बसाल्टच.