डब्यावरचं कमळ

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितेय. मध्यंतरी दोन-तीन जणांनी विचारलंही, "काय गं, ब्लॉग बंद केलास की काय?" बंद नाही केला. पण अण्णांचं आजारपण, त्यांचे व्यायाम, औषधांच्या वेळा.. या सगळ्यात लिहायला बसणं काही होत नव्हतं. आज एका डब्यामुळे बसलेय.

'डबा' हा अण्णांचा शब्द. त्याचं खरं नाव स्टील टंग ड्रम. दोन पोलादी वाडगे तोंडाला तोंड लावून जोडावेत तसा आकार. वरच्या बाजूला चिरा देऊन आठ जिभा कापलेल्या, लांब जीभ खालचा सूर देते, आखूड जीभ वरचा. आणि खालच्या बाजूला मधोमध कमळाच्या आकाराचं भोक. भाऊ सुट्टीवर आला तेव्हा घेऊन आला. ध्यानासाठी म्हणून हाताने बनवलेला आहे म्हणे. सोबत एक छापील चिठ्ठी होती, कमळ म्हणजे शांतता, पावित्र्य, अलिप्तता वगैरे.

घरच्यांना माहीत आहेच, इतरांसाठी सांगते. अण्णांनी चाळीस वर्षं भजनी मंडळात तबला वाजवला. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हाताची बोटं गेली. तबला-डग्गा माळ्यावर गेला. भावाने ती चिठ्ठी कौतुकाने वाचून दाखवली, तर अण्णा म्हणाले, "शांतता? दोन वर्षं घरात तीच तर आहे."

यावर कोणीच काही बोललं नाही. मी चहा टाकायला आत गेले.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. एखाद्या वस्तूवर कमळ काढलं की ती आपोआप शांत आणि पवित्र होते, हे कोणी ठरवलं? साबण, उदबत्ती, योगाची चटई, आता हा ड्रम.. सगळीकडे तेच फूल. मग या ड्रमचं कूळ शोधत बसले आणि चिठ्ठीपेक्षा कितीतरी सरस गोष्ट हाती लागली.

ही गोष्ट त्रिनिदादमधून सुरू होते. तिथल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या ढोलवादनावर १८८० च्या दशकात ब्रिटिश सरकारने निर्बंध आणले. लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे १९३० च्या दशकात बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, मिळेल ते पत्र्याचं भांडं बडवू लागले, आणि १९४० च्या दशकात तेलाची रिकामी पिंपं ठोकून त्यातून सूर काढले. हे वाजवणारे सुरुवातीला गुंड म्हणून बदनाम होते. तेच स्टीलपॅन १९९२ साली त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य ठरलं!

स्टीलपॅन बनवण्याची कला पुढे स्वित्झर्लंडला पोचली. तिथे घटम् वाजवणाऱ्या एका तालवादकाला हाताने वाजवता येईल असा पोलादाचा, सूर असलेला घट हवा होता. घटम् म्हणजे आपल्याकडचं, दक्षिणेतलं मातीचं मडकं. या मागणीतून बर्न शहरात फेलिक्स रोनर आणि सबिना शेरर यांनी २००० साली 'हँग' घडवलं. ते महाग आणि मिळायला महाकठीण. म्हणून अमेरिकेत डेनिस हॅवलेना यांनी २००७ मध्ये गॅसची रिकामी टाकी घेतली, तिच्या बुडाला चिरा पाडून जिभा केल्या आणि ती कृती सगळ्यांसाठी खुली ठेवली. आमचा डबा त्याच घराण्यातला. म्हणजे अण्णांनी त्याला डबा म्हटलं यात काहीच चूक नाही!

मातीचं मडकं, तेलाचं पिंप, गॅसची टाकी. हा झाला चिखल. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की कमळ इथे शोभतं ते या चिखलामुळे, शांततेमुळे नाही. चिठ्ठीवाल्याने फूल ठेवलं आणि चिखल पुसून टाकला. आपणही तेच करतो. चिखलात राहून अलिप्त, असं कमळाचं कौतुक करतो. पण कमळ अलिप्त असतं का हो? पानावर पाणी ठरत नाही हे खरं, पण त्याचं खोड चिखलातच असतं (त्याचीच आपण कमळकाकडी म्हणून भाजी करतो), आणि पोकळ देठांतून हवा खाली, त्या चिखलातल्या खोडापर्यंत जाते. अलिप्त राहिलं तर मरेल ते.

सजावटीला माझा विरोध नाही, गैरसमज नको. पण या वाद्यावर नक्षी कुठेही काढून चालत नाही. जिभेचं टोक कोरून हलकं केलं तर सूर चढतो, मुळाशी पातळ केलं तर उतरतो. त्यामुळे चांगला कारागीर जिभांवर नक्षी टाळतो, नाहीतर नक्षी आधी करून मग सूर लावतो. खालच्या भोकाचं म्हणाल तर त्यातून आतली हवा घुमते. ते किती मोठं आहे याने फरक पडतो, पाकळ्या आहेत की नाहीत याचं आवाजाला काही देणंघेणं नाही. पाकळ्या आपल्यासाठी.

हे मला पुस्तकी कळलं, अण्णांना हाताने कळलं. चार दिवस त्यांनी ड्रमकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी पलंगावर ठेवून डाव्या हाताने वाजवत होते. मला बघून म्हणाले, "याचा श्वास कोंडतोय. माळ्यावरच्या चुंबळी काढ." दोन वर्षांनी त्या चुंबळी खाली आल्या. त्या दोन बाजूंना ठेवून वर ड्रम टेकवला, कमळ मोकळं झालं आणि आवाज असा काही घुमला की स्वयंपाकघरातून आई बाहेर आली.

ड्रम पाच सुरांचा आहे, सा रे ग प ध, म्हणजे आपला भूपच. कुठेही बोट पडलं तरी बेसूर होत नाही. उजव्या हाताचं एक बोट हल्ली तेवढं पडतं. चमत्कार वगैरे काही नाही, डॉक्टरांनीही तसलं काही सांगितलेलं नाही.

चिठ्ठी मी फेकून दिली. कालपासून अण्णांचं म्हणणं आहे की वरचा पंचम किंचित चढा आहे. जिभेच्या टोकाला आतून छोटा लोहचुंबक चिकटवला की सूर उतरतो असं कळल्यापासून त्यांनी भावाला तीनदा फोन केला आहे. थोडक्यात, घरातली शांतता संपली आहे.

असो. लहान, चपटा लोहचुंबक चांगला कुठे मिळेल हे कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा.