रस्ता गावचा, धंदा कुणाचा?

मनिलाच्या आशियाई विकास बँकेनं २०१९ साली महाराष्ट्रातल्या ग्रामीण रस्त्यांसाठी २० कोटी डॉलरचं कर्ज दिलं. ३४ जिल्हे, सुमारे २,१०० किलोमीटर रस्ते. आपला नांदेडही त्यात. रस्ता आम्हाला पाहिजेच. पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर उचलून नेलेल्यांना त्याचं मोल सांगावं लागत नाही.

पण बँकेचं कर्ज म्हणजे कंपन्यांना धंदा. निविदा निघायच्या आधीपासून ठेकेदार, यंत्रवाले, सल्लागार डोळा ठेवून असतात. कर्ज फेडणार सरकार, म्हणजे तुम्ही-आम्हीच. गावाला मात्र जेसीबी शिवेवर आल्यावर कळतं.

रस्ता जंगलातून जाणार असेल तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढून बघा. एका कामाला एक हेक्टरच्या आतच जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजेच. कोऱ्या कागदावरचा अंगठा म्हणजे शिफारस नव्हे! आधी विचारा: ठेका कुणाला, किती रुपयांचा, मुरूम कुठून उपसणार, मजुरी गावातल्यांना देणार का? उत्तरं लेखी घ्या, सगळ्यांना वाचून दाखवा, मगच ठराव लिहा.