गाण्याच्या पोटातली गोष्ट



भीमजयंतीच्या तयारीची पहिली बैठक बिबवेवाडीतील आमच्या वस्तीच्या विहारात झाली. वर्गणीवरून वाद झाला नाही, हेच मुळी नवल. वाद झाला तो हलगीवरून.

वस्तीतल्या चार-पाच पोरांनी बँड काढला आहे. एकाने हप्त्यावर गिटार घेतली आहे, दुसऱ्याकडे जुना कीबोर्ड आहे, ड्रम भाड्याचे. कोणी मार्केट यार्डात गाळ्यावर हिशेब लिहितो, कोणी कुरिअरची गाडी चालवतो, एक अजून बारावीत आहे. त्यांचे म्हणणे असे की, यंदा डीजे नको, आम्ही वामनदादांची गाणी रॉकच्या बाजाने वाजवतो. डीजेच्या दणक्याने भिंती हादरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडते, हे सर्वांना ठाऊक असल्याने माना डोलल्या. मग गिटारवाला म्हणाला, "आणि सोबत हलगी घेणार."

त्यावर तात्या उठले. वय ऐंशीच्या घरात, उभा जन्म हमालीत गेलेला. "हलगी या पायरीवर चढायची नाही," एवढेच बोलून ते चपला घालून निघून गेले. पोरे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

तात्यांचे कारण आम्हांला ठाऊक होते. त्यांच्या गावी वाजवायचे काम त्यांच्या घराण्याकडे होते. पाटलाचे लग्न असो की मयत, हलगी घेऊन पुढे चालायचे, मांडवाबाहेर बसायचे आणि शेवटी उरलेसुरले पदरात घ्यायचे. लहानग्या तात्यांचे काम म्हणजे पाचट पेटवून हलगी शेकणे, कारण कातडे तापून ताणल्याशिवाय आवाज चढत नाही. 1956 साली नागपूरची वार्ता गावात आली, त्यानंतर त्यांच्या वडिलांनी हलगी चुलीत घातली. पुढच्या लग्नसराईत गावाने दळण बंद केले, तरी ते वाजवायला गेले नाहीत. अशी घरे आपल्यात कितीतरी आहेत. आमच्या आजोबांची कथा याहून फार निराळी नाही.

दोन दिवसांनी तो गिटारवाला मुलगा आमच्या घरी आला. "काका, एवढं ऐका," म्हणून त्याने मोबाईल पुढे केला. खरे सांगायचे तर रॉक म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे केस वाढवून किंचाळणारी मंडळी येत. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, आम्हांला ताळेबंद कळतो, गिटार कळत नाही. पण जे ऐकले त्याने आम्ही सरसावून बसलो.

तो चेन्नईचा बँड होता. नाव 'द कास्टलेस कलेक्टिव्ह', म्हणजे जात नसलेल्यांचा मेळा. 'काला' (2018) हा धारावीवरचा चित्रपट ज्यांनी काढला, त्या पा. रंजित यांचे नीलम कल्चरल सेंटर आणि टेन्मा नावाचे संगीतकार यांनी तो उभा केला. पहिला कार्यक्रम 6 जानेवारी 2018 रोजी चेन्नईच्या किल्पॉक भागात झाला. तारीख ध्यानात घ्या. त्याच्या पाचच दिवस आधी, 1 जानेवारीला, आपण भीमा-कोरेगावच्या दगडफेकीतून लेकराबाळांना सावरत होतो. तिकडे त्याच आठवड्यात 19 कलावंत मंचावर उभे राहून जातीविरुद्ध गात होते.

या नावामागे एक गोष्ट आहे आणि ती आपल्या घरातली आहे. पंडित अयोथी दास (1845–1914) हे तमिळ वैद्य आणि विद्वान. आपले लोक मुळात बौद्ध होते, जात ही मागाहून लादली गेली, असे त्यांचे प्रतिपादन. सिलोनला जाऊन त्यांनी बुद्धधम्माचा स्वीकार केला, 1898 मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संस्था काढली आणि 1907 पासून एक पैसा किमतीचे साप्ताहिक चालवले. आपल्या लोकांनी स्वतःला 'जात नसलेले तमिळ' म्हणवून घ्यावे, हा त्यांचा आग्रह. शंभरावर वर्षांनी त्या शब्दांतून बँडचे नाव आले. नागपूरच्या दीक्षेच्या 58 वर्षे आधी मद्रासेत बौद्ध संस्था होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आम्हांला परवापर्यंत नव्हते, हे कबूल करतो.

त्यांची गाणी कशी निघाली? उत्तर चेन्नईत, बंदराजवळच्या कष्टकरी वस्त्यांत 'गाना' नावाचा गाण्याचा प्रकार आहे. मयताच्या घरी रात्र जागवताना गेलेल्या माणसाविषयी हे गाणे गातात. शहरातल्या शिष्ट लोकांच्या लेखी ते मवाल्यांचे गाणे. बँडने त्याच गानाला गिटार आणि ड्रमची जोड दिली. एक गाणे आरक्षणावर आहे, त्याचे नावच 'कोटा'. 'कोट्यातून आला' हा टोमणा आम्हीही नोकरीत पुष्कळ ऐकला, तेव्हा त्या गाण्यामागची गोष्ट आम्हांला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. इसैवाणी ही मुलगी तर पुरुषांच्या समजल्या जाणाऱ्या या प्रकारात उभी राहून गाते. शबरीमला मंदिरातील स्त्रियांच्या प्रवेशबंदीवर तिने अय्यप्पालाच सवाल करणारे गाणे म्हटले. 2020 मध्ये बीबीसीने जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत तिचे नाव घेतले. पुढे 2024 मध्ये त्याच गाण्यावरून तिच्याविरुद्ध पोलिसांत तक्रारी झाल्या.

आता मुद्द्याचे. त्या मंचावर गिटारीच्या शेजारी 'परै' वाजत होती. परै म्हणजे त्यांच्याकडची हलगीच म्हणा ना. लाकडी कडे, त्यावर ताणलेले कातडे, दोन काड्या, आणि तीही विस्तवावर शेकावी लागते. मयताला ती वाजवायचे काम ज्या जातीवर लादले, तिचे नावच परैवरून पडले असे सांगतात. त्या नावावरून इंग्रजीत बहिष्कृतासाठी शब्द रूढ झाला. जगभर शिवी होऊन फिरलेले हे वाद्य त्या पोरांनी मान ताठ ठेवून मंचावर आणले.

"मग आम्ही का नको, काका?" मुलाने विचारले. आम्ही त्याला उलट विचारले, "तू जे वामनदादांचं गाणं वाजवणार, त्या वामनदादांची काय माहिती आहे तुला?" तो गप्प बसला. कॅसेटवर आणि मोबाईलवर गायकाचे नाव येते, गाणे लिहिणारा मागे राहतो, हा काही त्या पोराचा एकट्याचा दोष नव्हे.

मग आम्ही त्याला सांगितले. वामनदादा कर्डक, जन्म 15 ऑगस्ट 1922, गाव देशवंडी, तालुका सिन्नर. मुंबईत मोलमजुरी करीत असताना एकाने त्यांच्यापुढे पत्र धरले, एवढे वाचून दाखवा म्हणून. दादांना अक्षर येत नव्हते. त्या शरमेतून ते अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला लागले आणि 1943 साली पहिले गाणे रचले. 2004 मध्ये ते गेले तोवर त्यांची हजारो गाणी गावोगाव पोचली होती. पत्र वाचता न आलेल्या माणसाची ही गाणी आहेत, हे समजून वाजवलेस तर बोटे वेगळी पडतील, असे आम्ही म्हणालो. विलास घोगरेंचेही सांगितले. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 जण गेले आणि चार दिवसांनी, 15 जुलैला, या शाहिराने आपल्या खोलीत गळफास घेतला. मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता. तो बराच वेळ बोलला नाही.

रॉक हे परदेशी खूळ आहे, असे बैठकीत एक गृहस्थ म्हणाले होते, त्यांच्यासाठी एक ओळ. अमेरिकेत ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून विकले गेले, त्या काळ्या माणसांच्या शेतावरच्या आणि दुःखाच्या गाण्यांतून हे संगीत वर आले. 1972 साली आपल्या पोरांनी 'पँथर' हे नाव त्याच लोकांकडून घेतले होते. तेव्हा कोणी परदेशी म्हणाले नाही! आणि आपल्याच मुंबईकडे कबीर शाक्य या तरुणाने 'धम्म विंग्ज' नावाचा बौद्ध रॉक बँड काढलेला आहे.

रविवारी सायंकाळी त्या मुलाला घेऊन आम्ही तात्यांकडे गेलो. मनात धाकधूक होतीच. तात्यांचा नकार आम्हांला चुकीचा वाटत नाही. ज्याने ती हलगी चुलीत घातली, त्याने त्या दिवशी पोटावर पाणी सोडले होते. त्याच्या लेकाला 'आता जमाना बदलला' असे सांगायला आम्ही कोण? म्हणून आम्ही काहीच बोललो नाही. मुलाने मोबाईल लावून तात्यांच्या हातात दिला.

तात्यांनी तो कानाशी धरून ऐकला, मग डोळ्यांपुढे धरून पाहिला. वाजवणाऱ्याच्या काड्यांवरून त्यांची नजर हलेना. उजव्या हाताची बोटे मांडीवर चालू झाली होती, ते त्यांच्या ध्यानात आले तशी त्यांनी थांबवली. सुनेने चहा आणला, तो निवून गेला.

"शेकतात का ही?" तात्यांनी विचारले.

"हो आजोबा, विस्तवावर."

"आपल्याकडं आता प्लास्टिकची आलीय म्हणं. तिला कशाला विस्तू लागतोय." मग मुलाकडे वळून म्हणाले, "तुला शेकाया येती का?"

"नाही."

"मग वाजवणार काय, कपाळ?"

पुढची बैठक येत्या शनिवारी रात्री 9 वाजता विहारात आहे. तात्या येतो म्हणाले आहेत. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मंडळाच्या वहीत आम्ही 'हलगीचा विषय पुढील बैठकीवर' असे लिहून ठेवले आहे. गिटारवाल्या मुलाने दरम्यान कातड्याची हलगी कोठे मिळते याची चौकशी सुरू केली आहे. वाचकांपैकी कोणास ठाऊक असल्यास त्यांनी जरूर कळवावे.